ब्राझीलची कुरणं मिश्र गवताकडे का वळली : पार्श्वभूमी

ब्राझीलमध्ये मांसासाठी पाळलेल्या गुरांत नेलोरे जातीचं वर्चस्व आहे. तिचा वंश आंध्रच्या नेल्लोर-ओंगोलकडचा. तिचा चारा मात्र आफ्रिकेतला. आधी गिनी गवत पसरलं. गुलामांच्या जहाजांत अंथरूण म्हणून ते आलं असं मानतात. १९७० च्या दशकात सेराडोची, म्हणजे मध्य ब्राझीलमधल्या सवाना प्रदेशाची आम्ल, स्फुरद कमी असलेली जमीन कुरणाखाली आली, तेव्हा युगांडातून ऑस्ट्रेलियात पोहोचलेल्या बॅसिलिस्क वाणाचं बी ब्राझीलमध्ये गेलं. हे ब्रॅकियारिया गवत हलक्या जमिनीतही तग धरतं, पण फेसात बसून रस शोषणाऱ्या किड्यापुढे टिकत नाही. पिल्लं बुडाशी पांढऱ्या फेसात दडतात. प्रौढ किडा पानात विष सोडतो आणि पान शेंड्याकडून वाळत जातं.

किड्यावरचा उतारा म्हणून एम्ब्रापा या सरकारी शेती संशोधन संस्थेनं १९८४ मध्ये मरांडू हा ब्रॅकियारियाचाच वाण दिला. उतारा इतका चांगला निघाला की तोच अडचण ठरला. मरांडूच्या बीतला गर्भ फलनाशिवाय, म्हणजे नर-मादी पेशींच्या मिलनाशिवाय तयार होतो, म्हणजे प्रत्येक रोप आईची हुबेहूब नक्कल. कोट्यवधी हेक्टरांवर एकच झाड उभं असल्यासारखी स्थिती. १९९० च्या दशकात ॲमेझॉनकडच्या पाणी धरणाऱ्या जमिनींत ते पट्ट्यापट्ट्यानं मरू लागलं: पाणी साचलं की मुळं गुदमरतात आणि कमकुवत झालेल्या मुळांवर बुरशी चढते. शेजारी दुसरं गवत नसेल तर मोकळी जागा तण घेतं.

पुढे शारायेस (२००३), पियातां, पायाग्वास (२०१३) असे ब्रॅकियारियाचे वाण आले आणि ते एकत्र पेरता येतील का, हा विचार पुढे आला. आपल्याकडच्या डोंगरउतारांवर शेडा, डोंगरी, मारवेल, कुसळी एकत्रच वाढतात, त्यामुळे आपल्याला यात नवल वाटणार नाही. पेरलेल्या कुरणात मात्र बरंच बिघडतं.

पहिली चूक पोत्याच्या वजनावर विसंबण्याची. समजा, हेक्टरी ४ किलो जिवंत बी हवं, अर्धं मरांडू, अर्धं पियातां. मरांडूची शुद्धता ८०% आणि उगवण ७५% असेल तर जिवंत बी ६०%, म्हणून २ किलोसाठी ३.३ किलो लागेल. पियातांची दोन्ही ६०% असतील तर ३६%, म्हणजे ५.६ किलो. दोन्ही सारख्या वजनानं घेतली तर पियातां सुरुवातीलाच मागे पडतं.

दुसरी चूक उंचीची. मरांडूत गवत साधारण २५-३० सेंमी उंच झालं की गुरं सोडून ते १५ वर आलं की काढतात; मोंबासा या गिनी गवताच्या वाणात ९० वर सोडून ४०-४५ वर. हे दोन एकत्र केले की एक तर मरांडू सावलीत पिवळं पडतं, नाहीतर मोंबासा बुडापर्यंत खरवडलं जातं. शिवाय मोंबासाचं बी बारीक. ते १-२ सेंमीच खोल पेरावं लागतं, आणि एकाच पेटीतून पेरलं तर हादऱ्यांनी तळाशी बसतं. शेताच्या सुरुवातीला एक गवत, शेवटी दुसरं.

तिसरी बाब चवीची. पाणथळ जागी ह्युमिडिकोला हे ब्रॅकियारियाच्याच कुळातलं गवत टिकतं, पण ते उशिरा जम बसवतं आणि गुरांना कमी रुचतं. मरांडूत मिसळून पेरलं तर गुरं मरांडू वेचून खातात, ह्युमिडिकोला सोडतात, आणि दोन-तीन पावसाळ्यांत त्याचंच राज्य होतं. म्हणून ते सगळीकडे न मिसळता ओल्या खोलगटीत वेगळं पेरून, तिथे स्वतंत्र कुंपण घालणं सोयीचं.