कोलोनोस्कोपीपूर्व आहार (खानदेश)

मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी करण्याआधी आतडे स्वच्छ व्हावे म्हणून पाळायचे पथ्य. मोठे आतडे सुमारे दीड मीटर लांब असते. त्याच्या घड्यांत मळ राहिला तर 5 मिलिमीटरचा मांसांकुर (आतड्याच्या अस्तरावरची छोटी गाठ, पॉलिप) सहज झाकला जातो, आणि कधी सगळी तपासणी पुन्हा करावी लागते.

जळगाव, धुळे, नंदुरबार या भागात ‘चोथा टाळा’ एवढे सांगून भागत नाही. उदाहरणार्थ, हिवाळ्यात मळ्यात होणारे भरीत. काड्यांच्या जाळावर भाजलेली हिरवी वांगी, मिरच्या आणि लसूण लाकडी बडगीत कुटायचे, वरून शेंगदाणे आणि कांद्याची पात. वांगे लोण्यासारखे मऊ झाले तरी बी पचत नाही. ते आतड्यात रेंगाळते आणि दुर्बिणीची शोषनळी तुंबवते. सोबतची कळण्याची भाकरी ज्वारी आणि सालीसकट उडदाची, म्हणजे चोथा आलाच. म्हणून भरीत, कळण्याची भाकरी, ठेचा, शेवभाजी, मेथी अशी नावे घेऊनच पथ्य सांगायला हवे.

हे सगळे साधारणपणे तपासणीआधी एक ते तीन दिवस बंद ठेवतात. जुने बद्धकोष्ठ असेल तर डॉक्टर मुदत वाढवतात. त्या काळात मऊ पांढरा भात, मुगाच्या डाळीचे गाळलेले वरण, सोललेला उकडलेला बटाटा, दही चालते. पिकलेले केळेही बहुधा चालते, आणि केळीच्या बागांच्या रावेर-यावलमधल्या माणसाला तेवढाच दिलासा. आदल्या दिवशी मात्र बहुतेक ठिकाणी फक्त निवळ पातळ पदार्थ सांगतात : नारळपाणी, गाळलेले लिंबू सरबत, बिनदुधाचा चहा. बीट, कोकम, लाल सरबत नको. त्यांचा रंग आत रक्तासारखा दिसतो.

‘उपाशी या’ या शब्दांनी मोठा घोटाळा होतो. घरची माणसे मायेने साबुदाण्याची खिचडी किंवा भगर आणि शेंगदाण्याची आमटी पुढे करतात. हा एकादशीचा उपास नव्हे. शेंगदाण्याचे कूट इथे वर्ज्यच.

पोट साफ करण्यासाठी पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पूड पाण्यात कालवून देतात, एकूण 2 ते 4 लिटर. अर्धे आदल्या संध्याकाळी आणि अर्धे तपासणीच्या 4 ते 6 तास आधी घेतले तर आतडे जास्त स्वच्छ होते. मधुमेहाची व रक्त पातळ करणारी औषधे डॉक्टरांना विचारूनच बदलावीत. लोहाच्या गोळ्या साधारण आठवडाभर आधी थांबवतात, कारण त्यांनी मळ काळा व चिकट होतो.

धडगाव किंवा अक्कलकुव्याहून पहाटेच्या एसटीने निघणाऱ्याला औषधाचा दुसरा भाग प्रवासातच येतो आणि तो मग घेतलाच जात नाही. त्यापेक्षा आदल्या रात्री शहरात, संडास जवळ असेल अशा ठिकाणी मुक्काम करावा. शेवटी फिकट पिवळे, तळ दिसेल असे पाणीच पडायला हवे. गढूळ असेल किंवा कण दिसत असतील, तर आत जाण्याआधीच नर्सला सांगावे.