मालदांडीच्या पानातलं कडं

‘पिंपळ 24 तास ऑक्सिजन देतो’ हा मेसेज सोलापुरात आमच्या गल्लीच्या ग्रुपवर दर उन्हाळ्यात येतो. देत नाही हो! ऑक्सिजन सुटतो पाण्याचा रेणू फुटून आणि त्याला प्रकाश लागतो. अंधारात पिंपळही आपल्यासारखाच श्वास घेतो, वर मुंजा असो वा नसो. यंदा पाठोपाठ दुसरा मेसेज आला: जनुकं बदललेली झाडं हवेतला सगळा कार्बन ओढून घेणार. यात मात्र थोडं तथ्य आहे.

झाडं कार्बन मनासारखा ओढू शकत नाहीत, त्यात घोळ आहे तो रुबिस्को या विकराचा (एन्झाइमचा). हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडून साखरेच्या वाटेला लावायचं काम त्याचं. पण ते संथ, सेकंदाला साधारण 3 ते 10 रेणू. शिवाय चार-पाच खेपांत एकदा ते चुकून ऑक्सिजनच धरतं. त्यातून तयार झालेला टाकाऊ पदार्थ पेशीच्या तीन कप्प्यांतून फिरवून निस्तरावा लागतो आणि त्यात हाती आलेला कार्बन परत हवेत जातो. हेच प्रकाशश्वसन. ऊन तापलं की चूक वाढते. गहू, भात, तूर, हरभरा, सोयाबीन, सगळे यात अडकलेले.

ज्वारी अडकत नाही. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीच्या पानाचा पातळ आडवा छेद सूक्ष्मदर्शकाखाली ठेवा. प्रत्येक शिरेभोवती टपोऱ्या हिरव्या पेशींचं कडं दिसेल. रुबिस्को राहतं या कड्यात. बाहेरच्या पेशींत पेप कार्बोक्झिलेज हे दुसरं विकर असतं, ते ऑक्सिजनला फसत नाही. ते कार्बन चार कार्बनांच्या आम्लात बांधतं (सी-4 हे नाव त्यावरूनच), आम्ल कड्यात पोचतं आणि तिथे गाठोडं सुटतं. रुबिस्कोभोवती कार्बन डायऑक्साइडची एवढी दाटी होते की ऑक्सिजनचा शिरकाव जवळपास बंद. या हमालीला जादा ऊर्जा लागते, पण सोलापूरच्या उन्हात तिला काय तोटा!

असं कडं भातात उभं करायचं तर पानाची अख्खी बांधणीच बदलावी लागते. म्हणून अमेरिकेतल्या इलिनॉयच्या संशोधकांनी आडवाट काढली. भोपळ्याचं एक आणि शेवाळाचं एक जनुक तंबाखूत घालून त्यांनी तो टाकाऊ पदार्थ हरितलवकातच, म्हणजे पेशीतल्या हिरव्या कप्प्यातच, निस्तरला. 2019 साली निकाल आले: शेतातल्या रोपांचं वजन 40 टक्क्यांपर्यंत जास्त.

म्हणून हवेतला कार्बन संपणार का? भाकरीतला बराचसा कार्बन आपल्या श्वासावाटे परत हवेत जातो. कडब्यातला म्हशीमार्फत, वर मिथेनची भर. जरा टिकतो तो लाकडात आणि मातीत मुरलेल्या मुळांत. खरा फायदा एवढाच, की तेवढ्याच रानात जास्त पिकलं तर नवं जंगल तोडावं लागणार नाही.