ताऱ्यांचे अक्ष कुणीकडे कलले आहेत?

थंडीत नाशिकहून गंगापूर धरणाच्या बाजूला गेलं, शहराचे दिवे मागे पडले, की कृत्तिकांतले सहा-सात तारे नुसत्या डोळ्यांनी वेगळे ओळखू येतात. हा सगळा तारकागुच्छ सुमारे 10 कोटी वर्षांपूर्वी एकाच वायुमेघातून जन्मला. मग या भावंडांचे परिवलनाचे अक्षही एकाच दिशेला असतील का? 2010 मध्ये जॅक्सन आणि जेफ्रीज या खगोलशास्त्रज्ञांनी तपासलं, तर ते वाटेल तसे विखुरलेले निघाले.

याचं कारण मेघाच्या खळबळीत शोधतात. पुरात दुतोंड्या मारुतीपाशी गोदावरीला भोवरे पडतात. पाणी एकच, पण प्रत्येक भोवऱ्याची गिरकी वेगळी. मेघातला वायूही असाच घुसळत असतो. त्यातला एखादा पुंजका स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने आकसू लागला की त्याची मूळची मंद गिरकी वेगवान होते आणि तिचीच दिशा ताऱ्याला मिळते. मात्र सबंध मेघच जोरात फिरत असेल, तर सगळ्या पुंजक्यांना तो कल मिळायला हवा. संगणकीय प्रारूपांनुसार त्यासाठी मेघाच्या गतिज ऊर्जेचा निदान निम्मा वाटा या एकत्रित फिरण्यात असावा लागतो. म्हणून मला हा कल फार मोलाचा वाटतो: मेघ केव्हाच विरून गेला, तरी त्याची जन्मवेळची चाल ताऱ्यांत उरते.

पण तो मोजायचा कसा? मोठ्या दुर्बिणीतूनही बहुतेक तारे ठिपक्यासारखेच दिसतात. इथे कामी येतात ताऱ्याच्या पोटात घुमणाऱ्या लहरी. त्यांनी तारा कंप पावतो, प्रकाश किंचित कमीजास्त होतो. तारा फिरत असल्याने एका कंपाचे जवळजवळच्या वारंवारतेचे तीन होतात. अक्ष थेट आपल्याकडे रोखलेला असेल तर मधलाच दिसतो. दृष्टिरेषेला काटकोनात असेल तर कडेचे दोन.

केप्लर या अवकाश दुर्बिणीच्या नोंदींवरून 2017 मध्ये कोर्सारो आणि सहकाऱ्यांनी दोन जुन्या गुच्छांतले 48 लाल राक्षसी तारे, म्हणजे उतारवयात फुगलेले तारे, तपासले. बहुतेकांचे अक्ष जवळपास एकाच कलाचे, तेही आपल्याकडे रोखलेले! पुढच्याच वर्षी दुसऱ्या संशोधकांनी नोंदी पुन्हा तपासल्या, तेव्हा मात्र तशी शिस्त दिसली नाही. मला हा आक्षेप वजनदार वाटतो. तारा फार सावकाश फिरत असेल, तर तिन्ही कंप एकमेकांत मिसळून एकच भासतो, आणि तसाच एकटा कंप अक्ष आपल्याकडे रोखलेला असतानाही दिसतो.