घरपोच ज्येष्ठ सेवेतील बदल : आमचे ग्राहक आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी माहितीपत्रक

सप्रेम नमस्कार.

ऑस्ट्रेलियात १ नोव्हेंबर २०२५ पासून ज्येष्ठांच्या सेवेचा नवा कायदा, म्हणजे ‘एज्ड केअर ॲक्ट २०२४’, अमलात आला आणि त्याच दिवशी ‘होम केअर पॅकेज’ची, म्हणजे घरी राहून सेवा घेण्यासाठीच्या जुन्या सरकारी अनुदानाची, जागा ‘सपोर्ट ॲट होम’ या योजनेने घेतली. तेव्हापासून आमच्याकडे येणारे बहुतेक फोन पैशांविषयीचे असतात आणि ते रास्तच आहेत. त्यांची उत्तरे पुढे दिली आहेत. परंतु या बदलांमुळे आमच्यासारख्या लहान संस्थेचे काम आतून कसे पालटले, निर्णय कोण घेते, घरी कोण येते आणि काही चुकले तर पुढे काय होते, हेही आपल्याला ठाऊक असावे असे आम्हाला मनापासून वाटते. ज्यांच्या हाती आपण आईवडिलांच्या घराची किल्ली देतो, त्यांचा कारभार आपल्याला दिसलाच पाहिजे.

बदल कशामुळे आले

ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्र सरकारने ज्येष्ठांच्या सेवेची चौकशी करण्यासाठी रॉयल कमिशन, म्हणजे उच्चाधिकार चौकशी आयोग, नेमले. ऑक्टोबर २०१९ मध्ये त्याचा अंतरिम अहवाल आला, त्याला ‘नेग्लेक्ट’, म्हणजे ‘हेळसांड’, असे एकाच शब्दाचे शीर्षक होते. १ मार्च २०२१ रोजी अंतिम अहवाल जाहीर झाला. त्यात १४८ शिफारशी होत्या आणि पहिलीच शिफारस नव्या कायद्याची होती. १९९७ चा जुना कायदा सेवा देणाऱ्या संस्था आणि त्यांना मिळणारे अनुदान यांच्याभोवती रचलेला होता. नव्या कायद्यात ज्येष्ठ व्यक्तीच्या हक्कांची सनद आहे आणि त्या हक्कांशी सुसंगत वागणे हे प्रत्येक नोंदणीकृत संस्थेचे काम ठरवलेले आहे. आमच्या रोजच्या कामात सर्वांत मोठा फरक इथूनच पडला, म्हणून त्याविषयी जरा सविस्तर लिहितो.

प्रश्न आधी आईंना विचारला जाईल

आपल्या घरांत आईवडिलांच्या वतीने मुलगा, मुलगी किंवा सून बोलते. त्यात काळजीच असते, आणि इंग्रजी फॉर्म, फोनवरची लांबलचक प्रतीक्षा, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या हे सगळे तीच मंडळी निस्तरत असतात. त्यामुळे आम्हालाही त्यांनाच विचारायची सवय लागली होती. त्या सवयीची किंमत काय असते ते एका घरात आमच्या लक्षात आले.

तिथल्या आजींना आंघोळीसाठी मदत लागत असे. सूनबाईंच्या कामाच्या वेळा पाहून आम्ही सकाळी दहाची वेळ दिली होती आणि केअर प्लॅनमध्ये, म्हणजे सेवेच्या लेखी आराखड्यात, तशी नोंदही केली होती. काही आठवड्यांनी आमच्या सेविकेने कळवले की आजींना दोनदा चक्कर आली आणि दोन्ही दिवशी न्याहारीची ताटली टेबलावर झाकलेलीच होती. तिने जवळ बसून विचारले तेव्हा कळले की आंघोळ झाल्याशिवाय पूजा नाही आणि पूजा झाल्याशिवाय तोंडात काही घालायचे नाही, हा आजींचा आयुष्यभराचा नेम होता. मधुमेहाची गोळी मात्र त्या ठरल्या वेळी सकाळी आठलाच घेत होत्या. सूनबाईंना वाटले होते की आम्ही विचारले असेल, आम्हाला वाटले होते की घरात बोलणे झाले असेल. आम्ही वेळ साडेसातची केली, गोळीच्या वेळेबद्दल डॉक्टरांशी बोललो, आणि आजींची चक्कर थांबली. एवढा एक प्रश्न त्यांना पहिल्याच दिवशी विचारणे हे आमचे काम होते आणि ते आमच्याकडून राहिले होते.

नवा कायदा नेमके हेच मागतो. ज्येष्ठ व्यक्ती स्वतःचे निर्णय स्वतः घेऊ शकते असे धरून चालायचे, आणि गरज असेल तिथे निर्णय घ्यायला मदत करायची. त्यासाठी ‘रजिस्टर्ड सपोर्टर’, म्हणजे नोंदणीकृत सहायक, अशी नवी भूमिका ठेवली आहे. मुलगा किंवा मुलगी सहायक म्हणून ‘माय एज्ड केअर’ या सरकारी सेवेकडे नोंद करून घेऊ शकते, आईवडिलांच्या संमतीने माहिती मागू शकते, ती त्यांना समजावून सांगू शकते आणि त्यांचे म्हणणे आमच्यापर्यंत पोहोचवू शकते. पण केवळ सहायक आहे म्हणून तिला त्यांच्या जागी निर्णय घेता येत नाही. आपल्या राज्याच्या कायद्याप्रमाणे पॉवर ऑफ ॲटर्नी (मुखत्यारपत्र) किंवा गार्डियनशिपची (पालकत्वाची) कागदपत्रे केलेली असतील, तर त्या कागदपत्रांनी दिलेला अधिकार तेवढ्यापुरता लागू होतो. कृपया त्यांची प्रत आमच्याकडे ठेवावी.

म्हणून यापुढे आमच्या समन्वयक घरी आल्या की काही वेळ आजी-आजोबांशी एकट्यानेच बोलतील. हा कुटुंबावरचा अविश्वास नव्हे. मुलांपुढे आईवडील पुष्कळदा ‘मला सगळं चालतं’ असेच म्हणतात.

आपल्या पसंतीच्या भाषेत बोलण्याचा आणि गरजेनुसार दुभाषा मिळण्याचा हक्कही या सनदेत आहे. स्मृतिभ्रंश झालेल्या अनेक व्यक्तींची मागाहून शिकलेली भाषा आधी ओसरते आणि मायबोली उरते, त्यामुळे आमच्या दृष्टीने हा हक्क फार मोलाचा आहे. आजोबांना कोणत्या नावाने हाक मारलेली आवडते, दुखत असेल तर ते कोणता शब्द वापरतात, अशा गोष्टी आम्ही आता केअर प्लॅनच्या पहिल्याच पानावर मराठीत आणि इंग्रजीत लिहून ठेवतो, म्हणजे मराठी न येणारी बदली सेविका आली तरी ‘कळ’ आणि ‘ठणका’ यांतला फरक तिच्यासमोर लिहिलेला असतो.

घरी कोण येते, आणि चेहरे का बदलतात

आपली सर्वांत जुनी तक्रार हीच आहे आणि ती खरी आहे. त्यामागची कारणे मोकळेपणाने सांगतो.

या क्षेत्रातील वेतन वर्षानुवर्षे कमी होते. किमान वेतन ठरवणाऱ्या फेअर वर्क कमिशनच्या निर्णयानुसार ३० जून २०२३ पासून प्रत्यक्ष सेवा देणाऱ्यांचे किमान वेतन १५ टक्क्यांनी वाढले आणि पुढे २०२५ च्या जानेवारीत व ऑक्टोबरमध्ये आणखी वाढ झाली. आम्ही या वाढीचे स्वागत केले, कारण याआधी अनुभवी सेविका आमचे काम सोडून दुकानात किंवा गोदामात जात होत्या, आणि त्यात त्यांचे काहीच चुकत नव्हते. दुसरीकडे, २४ तास नोंदणीकृत नर्स असणे १ जुलै २०२३ पासून निवासी सेवागृहांना बंधनकारक झाले आणि ऑक्टोबर २०२४ पासून तिथे दर रहिवाशामागे दिवसाला सरासरी २१५ मिनिटांची सेवा, त्यातील ४४ मिनिटे नोंदणीकृत नर्सची, असे लक्ष्य ठरले. हे नियम घरपोच सेवेला लागू नाहीत, पण नर्स त्याच शहरातल्या असतात. जखमेच्या ड्रेसिंगसाठी वेळ मिळायला आपल्याला कधी कधी थांबावे लागते, त्याचे हे एक कारण आहे.

आमच्या मराठी बोलणाऱ्या सेविकांपैकी काही जणी विद्यार्थी आहेत. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना पंधरवड्यात ४८ तासांपेक्षा जास्त काम करता येत नाही, म्हणून सत्र सुरू झाले की आमचा रोस्टर, म्हणजे कामाच्या पाळ्यांचा तक्ता, बदलतो. आता आम्ही सत्राच्या तारखा आधी मागवतो आणि बदलाची सूचना किमान दोन आठवडे आधी देतो. शिवाय कायम नोकरी आणि ठरलेले तास देण्यावर आम्ही भर दिला आहे, आणि प्रत्येक घरासाठी दोन नेहमीच्या सेविका व एक ओळखीची बदली सेविका अशी त्रयी ठरवली आहे. बदली सेविका पहिल्यांदा एकटी येणार नाही. आधी एकदा नेहमीच्या सेविकेबरोबर येऊन घर पाहून जाईल. त्या भेटीचा खर्च आपल्या बजेटमधून जात नाही, तो आम्ही सोसतो. फ्लूच्या दिवसांत ही घडी विस्कटते, हेही आधीच सांगून ठेवतो.

‘फक्त अर्ध्या तासासाठी कुणी का येत नाही?’ असे पुष्कळ जण विचारतात. घरपोच सेवेतील अर्धवेळ किंवा कॅज्युअल (गरजेपुरत्या बोलावलेल्या) कर्मचाऱ्याला कामावर बोलावले की किमान दोन तासांचा पगार द्यावा लागतो. हा नियम जुलै २०२२ पासून आहे आणि तो न्याय्य आहे, कारण अर्ध्या तासाच्या कामासाठी कुणाची अख्खी सकाळ मोडू नये. जवळपासची दोन-तीन घरे एका फेरीत बसवता आली तर लहान भेटी जमतात. म्हणून आपण वेळेत अर्ध्या तासाची सवलत दिलीत तर आम्हाला फार मदत होते.

आमच्या प्रत्येक कर्मचाऱ्याचा पोलीस दाखला तीन वर्षांच्या आतील असतो आणि डिसेंबर २०२२ पासून लागू झालेली आचारसंहिता सर्वांवर बंधनकारक आहे. एक विनंती आहे: सणाला पाकीट देऊ नये. घरचा लाडू प्रेमाने द्यावा, तो आनंदाने घेतला जाईल.

निर्णय कोण घेते

आमची संस्था घरगुती स्वरूपात सुरू झाली आणि पहिली काही वर्षे संचालक मंडळावर एकाच कुटुंबातील तीन माणसे होती. सेवा देणाऱ्या संस्थांच्या मंडळात स्वतंत्र आणि संस्थेच्या रोजच्या कामात नसलेल्या सदस्यांचे बहुमत असावे, आणि निदान एका सदस्याला वैद्यकीय सेवेचा अनुभव असावा, हा नियम जुन्या संस्थांना १ डिसेंबर २०२३ पासून लागू झाला. पाचांपेक्षा कमी सदस्यांचे मंडळ आणि चाळिसांपेक्षा कमी ग्राहक असतील तर त्यातून सूट होती, आणि आम्हाला ती मिळत होती. ग्राहक वाढले आणि ती सूट संपली. खरे सांगायचे तर त्याची आम्हाला धास्ती वाटली होती, कारण बाहेरची माणसे आपले हिशेब आणि चुका पाहणार होती. आज मंडळावर सात जण आहेत, त्यांतील चार स्वतंत्र आहेत आणि त्यांत एक अनुभवी नर्स आहे. पहिल्याच बैठकीत तिने विचारले, ‘गेल्या तीन महिन्यांत किती जण पडले, आणि त्यातले किती बाथरूममध्ये?’ आमच्याकडे पडल्याच्या नोंदी होत्या, पण त्या ग्राहकागणिक फायलींत विखुरलेल्या होत्या आणि एकत्र कुणी पाहिल्याच नव्हत्या. आता दर महिन्याला हा तक्ता मंडळापुढे येतो.

सेवेच्या गुणवत्तेवर लक्ष ठेवणारी एक सल्लागार समिती सहा महिन्यांतून किमान एकदा मंडळाला लेखी अहवाल देते. ग्राहकांची सल्लागार समिती स्थापन करण्याचे निमंत्रणही वर्षातून एकदा आम्ही आपल्याला लेखी पाठवतो. ते पत्र जाहिरात समजून बाजूला ठेवू नये. समितीने दिलेल्या सूचनांचा मंडळाने काय विचार केला, हे आम्हाला लेखी कळवावे लागते.

पैशांचे

‘सपोर्ट ॲट होम’मध्ये गरजेनुसार ठरणाऱ्या आठ श्रेणी आहेत आणि सरकारकडून बजेट तिमाहीने मिळते. त्यातील दहा टक्के रक्कम केअर मॅनेजमेंटसाठी, म्हणजे नियोजन, समन्वय आणि पाठपुरावा यांसाठी, वेगळी ठेवली जाते. पूर्वीचे पॅकेज मॅनेजमेंटचे वेगळे शुल्क आता नाही; कार्यालयीन खर्च आणि सेविकेच्या प्रवासाचा खर्च तासाच्या दरातच धरलेला असतो, म्हणून दर आधीपेक्षा मोठा दिसतो. तिमाहीत रक्कम उरली तर एक हजार डॉलर किंवा बजेटच्या दहा टक्के, यांपैकी जी जास्त असेल तेवढी पुढे नेता येते. जुन्या योजनेप्रमाणे मोठी शिल्लक साठवता येत नाही, तेव्हा बचत म्हणून सेवा टाळू नये.

आपला वाटा प्रत्यक्ष घेतलेल्या सेवेवरच लागतो. योजना सुरू झाली तेव्हाच्या नियमांप्रमाणे नर्सिंगसारख्या वैद्यकीय सेवेचा पूर्ण खर्च सरकार उचलते. पूर्ण पेन्शन घेणाऱ्यांना प्रवासाची सोय, सोबत अशा स्वावलंबनाच्या सेवांसाठी ५ टक्के, आणि साफसफाई, बागकाम, जेवण अशा दैनंदिन सेवांसाठी १७.५ टक्के भरावे लागतात. पेन्शन नसलेल्या, स्वतःच्या पैशांवर जगणाऱ्या ज्येष्ठांसाठी हेच दर जास्तीत जास्त ५० आणि ८० टक्क्यांपर्यंत जातात. आपला नेमका दर सर्व्हिसेस ऑस्ट्रेलिया हे सरकारी खाते ठरवते, आम्ही नाही. १२ सप्टेंबर २०२४ रोजी ज्यांच्याकडे होम केअर पॅकेज होते किंवा ज्यांना ते मंजूर झालेले होते, त्यांच्यावर जुन्या योजनेपेक्षा जास्त भार पडणार नाही अशी तरतूद आहे. आपण त्यांत असाल आणि बिलात तसे दिसत नसेल, तर ते बिल घेऊन थेट आमच्याकडे यावे.

चूक झाली तर

मारहाण, हेळसांड, मानसिक छळ, कर्मचाऱ्याने केलेली चोरी, अनपेक्षित मृत्यू अशा गंभीर घटना आम्हाला एज्ड केअर क्वालिटी अँड सेफ्टी कमिशन या देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेला कळवाव्या लागतात: अतिगंभीर घटना २४ तासांच्या आत आणि उरलेल्या ३० दिवसांच्या आत. त्याआधी आम्ही आपल्याला सांगू. काय घडले, आम्हाला काय माहीत आहे आणि आम्ही काय करत आहोत, हे घरी येऊन सांगितले जाईल, आणि चूक आमची असेल तर माफी मागितली जाईल.

तक्रार केली म्हणून सेवा कमी करणे, वेळ बदलणे किंवा सेविकेने अबोला धरणे कायद्याला मान्य नाही आणि आम्हालाही नाही. ‘कशाला वाईटपणा घ्यायचा’ म्हणून पुष्कळ आजी-आजोबा गप्प राहतात; अशा वेळी आमच्याशी बोलायचे नसेल तर बाहेरची दारे उघडी आहेत. ज्येष्ठांच्या बाजूने बोलणारे ओल्डर पर्सन्स ॲडव्होकसी नेटवर्क १८०० ७०० ६०० या क्रमांकावर विनामूल्य मदत करते. कमिशनकडे थेट तक्रार करण्यासाठी १८०० ९५१ ८२२ हा क्रमांक आहे, आणि तक्रार नाव न देताही करता येते. इंग्रजीत बोलणे अवघड वाटत असेल तर आधी दुभाषा सेवेच्या १३१ ४५० या क्रमांकावर फोन करावा, ‘मराठी’ एवढा शब्द सांगावा, आणि दुभाष्याला यांपैकी हवा तो क्रमांक जोडून द्यायला सांगावे.