टीसीपी_फिन_टाइमआउट बदलून मागण्याआधी

“सर्व्हरवर टाइम-वेट कनेक्शन फार साठलीत, तेवढं फिन टाइमआउट ६० वरून १५ करून द्या.” सर्व्हर सांभाळणाऱ्या आमच्याकडे ही मागणी नेहमी येते. टाइम-वेट म्हणजे बंद झाल्यावरही थोडा वेळ नोंद ठेवलेलं कनेक्शन, आणि फिन टाइमआउट म्हणजे लिनक्समधलं टीसीपी_फिन_टाइमआउट हे सेटिंग. काम एका ओळीचं आहे. ते केल्यावर टाइम-वेटचा आकडा मात्र जागचा हलत नाही, आणि मग आम्ही ओळ नीट टाकली की नाही अशी शंका तुम्हाला येते. ओळ बरोबर असते. त्या सेटिंगचं काम वेगळं आहे.

कनेक्शन बंद करताना आपला सर्व्हर ‘माझं बोलून झालं’ असा फिन पाठवतो. समोरचा पोच देतो, पण स्वतःचा फिन कधीकधी पाठवतच नाही. ही अवस्था फिन-वेट-२. इकडे ॲप्लिकेशनने सॉकेट, म्हणजे कनेक्शनचं आपल्याकडचं टोक, केव्हाच सोडून दिलेलं असतं, म्हणजे कनेक्शन बेवारस. अशा कनेक्शनवर समोरच्या फिनची वाट कर्नलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, किती सेकंद पाहायची, एवढंच हे सेटिंग ठरवतं. टाइम-वेट त्यानंतरची गोष्ट आहे: दोघांचाही निरोप झालेला असतो, पण आपली शेवटची पोच हरवली तर ती पुन्हा देता यावी आणि वाटेत रेंगाळलेली जुनी पॅकेट नव्या कनेक्शनमध्ये शिरू नयेत, म्हणून कर्नल थोडं थांबतं. बदल न केलेल्या लिनक्समध्ये हा वेळ ६० सेकंद आहे आणि तो कोडमध्येच पक्का लिहिलेला आहे. त्यासाठी सेटिंग नाही.

हे आम्हाला कसं कळलं? इंटरनेटवरच्या तयार याद्यांमधून नक्कीच नाही. तिथे एकाचं पाहून दुसऱ्याने लिहिलेलं असतं. कर्नलच्या सोर्ससोबत आयपी-सिसकंट्रोल नावाची एक फाइल येते, तिच्यात प्रत्येक सेटिंगचा खुलासा असतो. फिन टाइमआउटबद्दल तिथे ‘बेवारस’ आणि ‘फिन-वेट-२’ हे दोन्ही मुद्दे स्पष्ट लिहिले आहेत. खुलासा त्रोटक वाटला तर आम्ही ते नाव कोडमध्ये शोधतो आणि ते कुठे कुठे वापरलंय ते बघतो. टीसीपीच्या हेडर फाइलमध्ये गोंधळाचं मूळही सापडलं. फिन-वेट-२ ची मुदत पूर्वी ३ मिनिटं होती. टाइम-वेटच्या टायमरशी जोडता यावी म्हणून ती ६० सेकंदांवर आणली, अशी टिप्पणी तिथेच आहे. दोन्ही आकडे ६०, म्हणून लोकांना दोन्ही घड्याळं एकच वाटली.

मग प्रयोग. रिकाम्या मशिनवर फिन टाइमआउट १० सेकंद केलं, एका बाजूने सॉकेट बंद केलं आणि दुसरी बाजू मुद्दाम उघडी ठेवली. फिन-वेट-२ दहाएक सेकंदांत गायब. नंतर दोन्ही बाजू बंद केल्या, तर टाइम-वेट पूर्ण ६० सेकंद तसंच. कनेक्शनांची यादी दाखवणाऱ्या एसएस कमांडला टायमर दाखवायला सांगितलं की हे आकडे उतरताना समोर दिसतात.

जुने सल्ले वाचताना कर्नलची आवृत्तीही बघा. टाइम-वेट लवकर संपवणारं टीसीपी_टीडब्ल्यू_रीसायकल हे सेटिंग अजून सुचवलं जातं. नॅटमागच्या, म्हणजे अनेक मशिन एकाच आयपी पत्त्यावरून येतात अशा ग्राहकांची कनेक्शन त्याने मधूनच नाकारली जायची, आणि २०१७ मध्ये ४.१२ आवृत्तीत ते काढूनच टाकलं.

टाइम-वेटची काळजी मुळात करायची का? तुमच्याकडे येणाऱ्या कनेक्शनांची असतील तर सहसा नाही. प्रत्येकाला अगदी थोडी मेमरी लागते. तुमचा सर्व्हरच बाहेर एकाच डेटाबेसकडे किंवा प्रॉक्सीकडे (मधल्या सर्व्हरकडे) सतत नवी कनेक्शन उघडून स्वतः बंद करत असेल, तर मात्र प्रश्न खरा आहे. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कनेक्शनला आपल्याकडचा एक पोर्ट क्रमांक लागतो, आणि नेहमीच्या मांडणीत ३२७६८ ते ६०९९९ म्हणजे २८,२३२ पोर्ट मिळतात. प्रत्येक पोर्ट ६० सेकंद अडकला, तर एका आयपी पत्त्यावरून एकाच ठिकाणी सेकंदाला साधारण ४७० नवी कनेक्शन, त्याहून जास्त नाहीत. तिथे उपाय कनेक्शन पूलचा: उघडलेलं कनेक्शन पुन्हा वापरायचं.

अडचण आली तर आम्हाला तीन गोष्टी पाठवा: कर्नलची आवृत्ती, प्रत्येक अवस्थेत किती कनेक्शन आहेत त्याचे आकडे, आणि ॲप्लिकेशनच्या लॉगमधली नेमकी त्रुटीची ओळ. सेटिंगचं नाव नसलं तरी चालेल.