बर्फ कमी, म्हणून धोका कमी?

जानापाव आणि चोरल पालथं घालून झालं की इंदूरच्या ट्रेकिंग मंडळींना डिसेंबरात उत्तराखंडाचे वेध लागतात. मग ग्रुपवर निरोप फिरतो: 'यंदा बर्फ कमी आहे, आकाश स्वच्छ आहे, काळजी नको.' आजीची समजूत घालायला हे ठीक आहे. हिमस्खलनाचा हिशेब मात्र बऱ्याचदा याच्या उलट चालतो.

साचलेल्या बर्फाखालची जमीन ऐन थंडीतही शून्य अंशाच्या आसपास राहते. वरचा पृष्ठभाग मात्र निरभ्र रात्री आपली उष्णता आकाशात सोडून देतो आणि समजा उणे १५ अंशांपर्यंत उतरतो. बर्फ २ मीटर जाड असेल, तर हा फरक मीटरमागे साडेसात अंश पडतो. थर अर्ध्या मीटरचाच असेल, तर मीटरमागे ३० अंश. मीटरमागे साधारण १० अंशांची मर्यादा ओलांडली की खालच्या उबदार कणांची वाफ होऊन ती वर सरकते आणि थंड कणांवर पुन्हा गोठते. अशा रीतीने वाढलेले कण टोकदार, कोरडे आणि सुटे असतात, जाड्या साखरेसारखे; मुठीत कितीही आवळा, लाडू वळत नाही. म्हणजे बर्फ कमी आणि आकाश स्वच्छ, हीच कच्चा थर तयार व्हायची उत्तम सोय!

त्यावर पुढे नवा बर्फ पडतो, वारा तो दाबून बसवतो आणि घट्ट लादी तयार होते. वरून सगळं गुळगुळीत, फोटो काढण्याजोगं. माणसाचं वजन पडलं की खालचा थर खचतो, कधी 'धप्प' असा दबका आवाज येतो आणि भेग क्षणात दूरवर धावते. उतार साधारण ३० ते ४५ अंशांचा असेल तर अख्खी लादी सुटते. आपण पायथ्याच्या सपाटीवर असलो तरी वरचा उतार सुटू शकतो. माणसं सापडतात त्या बहुतेक हिमस्खलनांची सुरुवात त्यांच्याच किंवा सोबत्यांच्या पावलाने होते. 'वरून कडा कोसळला' हे चित्र सिनेमातलं.

ऋतूवरही भिस्त ठेवू नये. ४ ऑक्टोबर २०२२ला उत्तराखंडातल्या 'द्रौपदी का डांडा' शिखरावर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचे प्रशिक्षणार्थी आणि प्रशिक्षक हिमस्खलनात सापडले. २७ मृतदेह हाती लागले. तेव्हा हिवाळा सुरूही झाला नव्हता.

गाडलेल्या माणसाला पहिल्या १० मिनिटांत बाहेर काढलं, तर जगण्याची शक्यता ९० टक्क्यांच्या आसपास असते. अर्ध्या तासाने ती फार खाली येते. हेलिकॉप्टर तोवर निघालेलंही नसतं, शोधायचं ते सोबत्यांनीच. त्यासाठी प्रत्येकाच्या अंगावर ४५७ किलोहर्ट्झचा ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा ठावठिकाणा कळावा म्हणून संदेश सोडणारं आणि पकडणारं यंत्र) हवा, पिशवीत बर्फात खुपसून पाहायची लांब सळई आणि फावडं हवं, आणि ते वापरायचा सराव हवा. वाट तीव्र उतारांखालून जाणार असेल, तर ट्रेकवाल्याला आगाऊ रक्कम पाठवण्याआधी हे विचारा. चंदीगडच्या डीजीआरई या संरक्षण संशोधन संस्थेचा हिमस्खलन इशारा तो रोज पाहतो का, हेही.