टंग वेट : ट्रेलरसाठी ट्रक निवडताना मागे पडणारा आकडा

जुलै २०१९ मध्ये फोर्ड कंपनीने एक चित्रफीत प्रसिद्ध केली. तीत एफ-१५० या पिकअप ट्रकचा विजेवर चालणारा प्रायोगिक नमुना रेल्वेचे मालडबे ओढताना दिसतो आणि त्या डब्यांचे एकूण वजन दहा लाख पौंडांहून, म्हणजे साडेचारशे टनांहून अधिक असल्याचे सांगितले जाते. त्याआधी ऑक्टोबर २०१२ मध्ये टोयोटा टंड्रा या ट्रकने लॉस एंजेलिसमधील एका पुलावरून ‘एन्डेव्हर’ हे अवकाशयान ओढून नेले होते. या दोन्ही घटना खऱ्या आहेत. असा ट्रक कोणताही ट्रेलर सहज नेईल, हे अनुमान ग्राहक त्यांवरून काढतो, ते मात्र खरे नाही.

पोलादी चाक पोलादी रुळावरून फिरते, तेव्हा सपाटीवर होणारा प्रतिकार वजनाच्या साधारण एक ते दोन सहस्रांश इतकाच असतो. साडेचारशे टनांचे डबे हळूहळू हलते ठेवण्यासाठी त्यामुळे अर्ध्या ते एक टन वजनाइतके बल पुरते आणि सुमारे तीन टन वजनाचा चारही चाकांवर चालणारा ट्रक तेवढे बल रस्त्याच्या पकडीतून सहज मिळवू शकतो. त्या प्रयोगात वेग नाही, चढ नाही, आडवा वारा नाही आणि मुख्य म्हणजे त्या डब्यांचा एक किलोदेखील भार ट्रकच्या पाठीवर नाही. सुट्टीसाठी नेण्याच्या मोठ्या कॅम्पिंग ट्रेलरच्या बाबतीत नेमक्या याच चार गोष्टी निर्णायक ठरतात.

अमेरिकेत आणि कॅनडात स्थायिक झालेली अनेक मराठी कुटुंबे आता यलोस्टोनला किंवा ग्रँड कॅन्यनला जाताना स्वतःचा ट्रेलर नेण्याचा विचार करू लागली आहेत. ट्रक घेताना त्यांच्यासमोर सर्वांत ठळक अक्षरांत येतो तो ‘टोइंग कपॅसिटी’चा, म्हणजे ओढण्याच्या क्षमतेचा आकडा. हा आकडा खोटा नसतो. एसएई या वाहन-अभियंत्यांच्या संस्थेने २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जे२८०७ या मानकाने त्याला शिस्त लावली, टोयोटाने ते मानक सर्वप्रथम स्वीकारले आणि इतर कंपन्या काही वर्षांनी त्याच वाटेने आल्या. या मानकातील एक चाचणी ॲरिझोनातील डेव्हिस धरणापासून वर जाणाऱ्या सुमारे १८ किलोमीटरच्या चढावर आधारलेली आहे. तेथे ऐन उन्हाळ्याच्या उष्णतेत, वातानुकूलन पूर्ण चालू ठेवून, सामान्य पिकअपने ताशी ४० मैलांच्या खाली न येता ट्रेलर वर न्यायचा असतो. परंतु या चाचण्यांत ट्रकमध्ये चालक, एक प्रवासी आणि थोडेसे साहित्य एवढेच धरले जाते. दोन मुले, आजी-आजोबा, मागच्या हौद्यातील जनित्र आणि लाकडे यांचा त्यात हिशेब नसतो.

हा हिशेब ज्या आकड्यापाशी येऊन थांबतो, तो म्हणजे टंग वेट. ट्रेलरचा पुढचा दांडा ट्रकच्या हिचवरील, म्हणजे मागच्या जोडणीवरील गोळ्यावर जो उभा भार टाकतो, त्याला हे नाव आहे. सामान्य ट्रेलरसाठी तो ट्रेलरच्या भरलेल्या वजनाच्या १० ते १५ टक्के असावा लागतो. समजा, ट्रेलर सामानासह ३,६०० किलो, म्हणजे सुमारे ८,००० पौंडांचा आहे आणि टंग वेट साडेबारा टक्के, म्हणजे ४५० किलो आहे. हा भार ट्रकच्या मागच्या आसावर (ॲक्सलवर) थेट पडत नाही. हिचचा गोळा त्या आसाच्याही दीडेक मीटर मागे असतो. ऊसतोडणीच्या हंगामात कारखान्याच्या रस्त्यावर ट्रॉलीच्या ओझ्याने पुढची चाके हलकी झालेला ट्रॅक्टर ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ही तरफ वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही: मागचा आस टेकू होतो, मागचे टोक खाली दाबले जाते आणि पुढचे टोक उचलले जाते.

ट्रकच्या दोन आसांमधील अंतर ३.७ मीटर धरले, तर पुढच्या आसावरून ४५० गुणिले १.५ भागिले ३.७, म्हणजे सुमारे १८० किलो वजन उचलले जाते. हे १८० किलो नाहीसे होत नाहीत, तेही मागच्या आसावरच जातात. म्हणून गोळ्यावर ४५० किलो ठेवले की मागच्या आसावरचा भार सुमारे ६३० किलोंनी वाढतो. सुकाणू चालवणारी चाके हलकी होतात, समोरचे दिवे आकाशाकडे रोखले जातात आणि जोरात ब्रेक लावताना ज्या पुढच्या चाकांनी सर्वाधिक काम करायचे, त्यांचीच पकड कमी होते.

आता चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेली पट्टी वाचावी. प्रवासी आणि सामान यांचे एकत्रित वजन किती किलोंच्या पुढे जाऊ नये, हे तिच्यावर त्या विशिष्ट गाडीपुरते लिहिलेले असते. उंची आसने, काचेचे छत, मोठी केबिन अशा प्रत्येक सोयीचे वजन या आकड्यातून आधीच वजा झालेले असते. त्यामुळे एकाच नावाच्या दोन ट्रकांमध्ये तो बराच वेगळा निघू शकतो आणि महागड्या ट्रकमध्ये बहुधा तोच कमी असतो. टंग वेटही याच मर्यादेत धरावे लागते. समजा, पट्टीवर ७०० किलो लिहिले आहे. टंग वेट ४५०, चौघांचे वजन २७०, हिचचे साहित्य ४५ आणि हौद्यातील सामान ८० किलो धरले, तर बेरीज ८४५ होते. ओढण्याच्या क्षमतेचा जाहिरातीतील आकडा पाच हजार किलोंचा असला, तरी ३,६०० किलोंच्या ट्रेलरसाठी हा ट्रक अपुरा ठरतो, आणि तो इंजिनामुळे नव्हे तर आस, स्प्रिंगा आणि टायर यांच्यामुळे अपुरा ठरतो.

उचलले गेलेले वजन पुढे परत नेण्याचा एक सुंदर यांत्रिक उपाय आहे. त्याला वजन विभागणारा हिच म्हणतात. यात हिचच्या डोक्यात दोन पोलादी स्प्रिंगसारख्या पट्ट्या बसवतात आणि त्यांची मागची टोके साखळीने किंवा कंसाने वर ताणून ट्रेलरच्या चौकटीला अडकवतात. ताणलेल्या पट्ट्या जोडावर एक आघूर्ण, म्हणजे फिरवू पाहणारा जोर निर्माण करतात आणि ते आघूर्ण ट्रकचा मागचा भाग वर, तर नाक खाली ढकलते. वरच्या उदाहरणात पुढच्या आसाचे सर्व १८० किलो परत आणायचे ठरवले आणि गोळ्यापासून ट्रेलरच्या आसांचे अंतर साडेपाच मीटर धरले, तर त्याच आघूर्णामुळे सुमारे १२० किलो ट्रेलरच्या आसांवर सरकतात आणि ट्रकच्या मागच्या आसावरची वाढ ६३० वरून ३३० किलोंपर्यंत उतरते. मात्र काही ट्रक-उत्पादक उचललेल्या वजनापैकी साधारण अर्धेच परत आणण्यास सांगतात, कारण मागची चाके गरजेपेक्षा हलकी झाली तर वळणावर ट्रकची शेपूट बाहेर सरकण्याची प्रवृत्ती वाढते. त्या-त्या ट्रकच्या पुस्तिकेत दिलेला आकडाच येथे प्रमाण मानावा.

टंग वेट इतके त्रासदायक असेल, तर ट्रेलरमधील सामान मागे सरकवून ते कमी का करू नये, हा प्रश्न अगदी स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर या संपूर्ण विषयातील मला सर्वांत मोहक वाटणाऱ्या भौतिकशास्त्रात आहे, म्हणून येथे थोडे सावकाश जाऊ.

वरून पाहिले तर ट्रेलर म्हणजे हिचच्या गोळ्याभोवती फिरू शकणारा आडवा दोलक आहे. वाऱ्याच्या झोताने किंवा शेजारून जाणाऱ्या मोठ्या ट्रकमुळे तो थोडा वळला, की त्याचे टायर ज्या दिशेला रोखलेले असतात ती दिशा आणि ते प्रत्यक्ष ज्या दिशेने पुढे जात असतात ती दिशा यांत लहानसा कोन तयार होतो. रस्त्याला टेकलेले रबर त्या कोनामुळे पिळवटते आणि कोनाच्या प्रमाणात बाजूचे बल निर्माण करते. हे बल ट्रेलरला सरळ रेषेत परत आणते. या परत आणणाऱ्या बलात वेग कोठेही येत नाही. ताशी ५० किलोमीटर असो वा १००, तेवढ्याच कोनाला जवळजवळ तेवढेच बल मिळते.

परंतु ट्रेलर मध्यरेषेवर येऊन थांबत नाही. जडत्वामुळे तो पलीकडे जातो, पुन्हा परत येतो आणि हेलकावे सुरू होतात. हे हेलकावे विरवण्याचे काम अवमंदनाचे आहे आणि ते अवमंदनही त्याच टायरांतून येते. ट्रेलर बाजूला झुलत असताना त्याच्या चाकांना आडवा वेग असतो, आणि त्या आडव्या वेगामुळे टायरचा कोन आणखी बदलतो. हा बदल आडव्या वेगाला पुढच्या वेगाने भागून मिळतो. भागाकारातील ही एक संख्या सारा खेळ बदलते. पुढचा वेग दुप्पट झाला की तेवढ्याच झुलण्यातून मिळणारे अवमंदन निम्मे होते. परत खेचणारे बल तेवढेच राहते आणि विरवणारे बल मात्र वेगाच्या व्यस्त प्रमाणात घटत जाते.

गोळा भिंतीत पक्का रोवलेला असता, तर गोष्ट एवढ्यावर थांबली असती. हेलकावे विरायला वेळ लागला असता, पण ते विरलेच असते. प्रत्यक्षात गोळा ट्रकच्या शेपटीवर आहे आणि ट्रकही रबरी टायरांवरच उभा आहे. ट्रेलर ती शेपूट डावी-उजवी ढकलतो, ट्रकचे तोंड किंचित वळते, आणि त्या वळण्यामुळे ट्रेलरचा दांडा थोड्या विलंबाने पुन्हा बाजूला ओढला जातो. या विलंबामुळे ट्रकच्या पुढे जाण्याच्या गतीतील ऊर्जा हेलकाव्यांत शिरू लागते. एका ठरावीक वेगाला आत येणारी ऊर्जा आणि विरणारी ऊर्जा समान होतात. तो त्या जोडीचा क्रांतिक वेग. त्याच्या पलीकडे वाऱ्याचा एक झोत पुरतो, आणि पुढचा प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होतो.

क्रांतिक वेग वर ढकलणारे घटक आता ओळखता येतात. गोळ्यापासून ट्रेलरच्या आसाचे अंतर जास्त असेल, तर अवमंदन त्या अंतराच्या वर्गाने वाढते. वस्तुमान टोकांना विखुरलेले असेल, तर जडत्व आघूर्ण, म्हणजे फिरण्यातला बदल रोखणारे जडत्व वाढते आणि हेलकावे आवरणे कठीण होते. मागच्या बंपरवर ६० किलोंच्या सायकली टांगल्या आणि त्या वस्तुमानकेंद्रापासून पाच मीटरवर असल्या, तर त्यांचे जडत्व आघूर्ण एक मीटरवर ठेवलेल्या तेवढ्याच वजनाच्या पंचवीस पट भरते. शिवाय त्या आसाच्या चार मीटर मागे असतील, तर तरफेने टंग वेट चाळीसेक किलोंनी घटते आणि वस्तुमानकेंद्र आसाकडे सरकते. दोन्ही परिणाम घातक दिशेचेच आहेत. फिरत्या पट्ट्यावर खेळण्यातील गाडी आणि ट्रेलर ठेवून, ट्रेलरवरील वजन पुढे-मागे सरकवून हे दाखवण्याचा एक साधा प्रयोग आहे: वजन पुढे असताना ट्रेलरला टिचकी मारली तर तो दोन झोक्यांत सरळ होतो, आणि तेच वजन मागे नेले की त्याच टिचकीने गाडीसकट आडवा होतो. दहा टक्क्यांच्या खाली टंग वेट उतरू नये, या नियमाचा आधार हा आहे.

यावरून ट्रकचे कोणते गुण मोलाचे, तेही कळते: लांब चाकतळ (दोन आसांमधील अंतर), मागच्या आसामागचा आखूड भाग, बाजूने न दबणारे ताठ टायर आणि स्वतःचे भरपूर वजन. फिफ्थ व्हील प्रकारचे ट्रेलर इतके स्थिर असतात, कारण त्यांचा जोड हौद्यात, मागच्या आसाच्या डोक्यावर असतो आणि ट्रेलरच्या आडव्या धक्क्याला ट्रकचे तोंड वळवण्यासाठी तरफच मिळत नाही. त्या बदल्यात त्यांच्या वजनाचा १५ ते २५ टक्के भाग ट्रकवर येतो, म्हणून त्यांना बहुतेक वेळा मोठ्या वर्गाचाच ट्रक लागतो. हेलकावे सुरू झालेच, तर ट्रकचा ब्रेक दाबू नये आणि वेगही वाढवू नये. ॲक्सिलरेटरवरून पाय काढून, चालकाजवळच्या ट्रेलर-ब्रेक नियंत्रकावरील हाताच्या खटक्याने फक्त ट्रेलरचे ब्रेक लावावेत, म्हणजे जोड ताणलेला राहतो. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्या वाहनांना ताशी ५५ मैलांची मर्यादा आहे, आणि अवमंदनाचे गणित कळल्यावर ती जाचक वाटण्याचे कारण उरत नाही.

इंजिनाचा विचार त्यामानाने सोपा आहे. सात टनांची जोडी सहा टक्के चढावर ताशी १०० किलोमीटरने न्यायची असेल, तर नुसते वजन उचलण्यासाठी सुमारे ११५ किलोवॉट, म्हणजे दीडशेहून थोडी अधिक अश्वशक्ती लागते. हवेचा विरोध त्याहून वेगळा. कोलोराडोतील आयझेनहॉवर बोगद्याच्या ११,००० फूट उंचीवर टर्बो नसलेले इंजिन विरळ हवेमुळे आपली साधारण एक तृतीयांश शक्ती गमावते. टर्बो असलेले इंजिन ही तूट बऱ्याच अंशी भरून काढते. उतारावर उलट प्रश्न येतो: तीच जोडी ५०० मीटर खाली उतरली तर साडेतीन कोटी ज्यूलच्या आसपास ऊर्जा कोठेतरी सोडावी लागते, आणि ती सगळी ब्रेकच्या चकत्यांत सोडणे शहाणपणाचे नाही. डिझेल इंजिनाचा एक्झॉस्ट ब्रेक (बाहेर पडणारा धूर अडवून गाडी मंद करणारी सोय) येथे खरी किंमत वसूल करून देतो.

बाजारातील एका दाव्याबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. मागच्या स्प्रिंगांत हवेच्या पिशव्या बसवल्या की ट्रकची क्षमता वाढते, असे विकणारे सांगतात. पिशव्यांमुळे ट्रकचा मागचा भाग वर येतो आणि तो सरळ दिसू लागतो. पुढच्या आसावरचे हरवलेले वजन मात्र परत येत नाही आणि दारावरच्या पट्टीवरील आकडा एका किलोनेही बदलत नाही. नव्या ट्रकची पूजा करून चाकाखाली लिंबू ठेवण्याची प्रथा परदेशातही आपली माणसे पाळतात. ज्यांना त्यात आनंद वाटतो त्यांनी ती पाळावी, परंतु तिचा आणि सुरक्षिततेचा संबंध जोडून वजनकाट्याचे काम तिच्यावर सोपवू नये.

हा वजनकाटा अमेरिकेत महामार्गांवरच्या ट्रक थांब्यांवर मिळतो. कॅट स्केलसारख्या काट्यावर ट्रकचा पुढचा आस, मागचा आस आणि ट्रेलरचे आस वेगवेगळ्या फलाटांवर उभे राहतात आणि तिन्हींचे वजन स्वतंत्र मिळते. पाण्याची टाकी भरून, सामान आणि माणसे यांसह एकदा ट्रेलर जोडून आणि एकदा सोडून वजन करावे. हिचच्या पट्ट्या न ताणता जोडले असताना ट्रकच्या दोन आसांवरील एकूण वाढ म्हणजे टंग वेट. पट्ट्या ताणून तिसऱ्यांदा वजन केले, तर पुढच्या आसावर किती किलो परत आले तेही कळते.

खरेदीच्या वेळी ट्रेलर आधी ठरवावा आणि त्याच्या रिकाम्या वजनावर विसंबू नये. त्याच्यावर छापलेल्या कमाल भारित वजनाचे १३ टक्के काढावेत, त्यात माणसे, हिच आणि सामान मिळवावे आणि ती बेरीज घेऊन दुकानातील प्रत्येक ट्रकचे दार उघडून पट्टी वाचावी. तीसेक फुटांच्या ट्रेलरसाठी बेरीज ७५० किलोंच्या पुढे गेली, तर एफ-१५०, रॅम १५०० किंवा सिल्व्हराडो १५०० या वर्गातील सजवलेले ट्रक बहुतेक बाद होतात आणि एफ-२५० किंवा २५०० या वर्गाकडे जावे लागते. तेथेही डिझेलचे जड इंजिन त्याच मर्यादेतून स्वतःचे वजन वजा करते, त्यामुळे त्याच वर्गातील पेट्रोल ट्रकची पट्टी अनेकदा शे-दोनशे किलोंनी उदार निघते. फिफ्थ व्हील घ्यायचे असेल, तर शोधाची सुरुवातच एफ-३५० किंवा ३५०० पासून करणे बरे.